आमच्या प्रयोगशाळेचं शून्य

माझ्या नवऱ्याचं मूत्र हे आमच्या प्रयोगशाळेचं शून्य होतं. असं मी कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग हळूच खुर्ची मागे सरकवतो. सरकवू दे बापडा! पण वजन करायचं तर तराजूचा काटा आधी मधोमध यावा लागतो की नाही? तसंच आहे हे. आंब्यावर फवारणी करणाऱ्या माणसाच्या मूत्रात किती औषध उतरलंय ते मोजायचं, तर ज्यात औषधाचा लवलेशही नाही असं मूत्र आधी हाताशी लागतं. त्याला आम्ही कोरा नमुना म्हणतो. आणि आमच्या रत्नागिरीत, जिथे हल्ली मोहोर दोन-दोनदा फुटतो आणि प्रत्येक मोहोरावर ड्रोन घिरट्या घालतात, तिथे असा कोरा माणूस मिळणं म्हणजे चेष्टा नाही.

माझ्या घरात होता एक. निनाद नागवेकर, हायस्कुलात गणित शिकवतो, बाहेरचा वडापावसुद्धा खात नाही. भाजी माझ्या गच्चीवरची, तांदूळ माझ्या माहेरचा, फळं आमच्या तपासणी केंद्रात तपासून मगच घरात यायची, आणि जे विकत आणावं लागे ते 'विषमुक्त' असा शिक्का बघूनच. महिन्यातून एकदा सकाळी उठल्या उठल्या मी बाटली पुढे करायची आणि तो निमूट भरून आणून द्यायचा. केंद्रात सगळ्याजणी म्हणायच्या, "शाल्मली, नशीब काढलंस हो, एवढा स्वच्छ नवरा!" मला आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू?

तर मार्चमधल्या एका सोमवारी त्या शून्यात शिखर उभं राहिलं.

नवं यंत्र महिन्यापूर्वीच आलं होतं. आम्ही त्याला मामी म्हणायचो, कारण मामीपासून काही लपत नाही. विहिरीत साखरेचा दाणा टाका, मामी सांगणार, टाकलाय. मामीच्या पोटात नमुना जाण्याआधी आमचं बरंच काम असतं. औषध शरीरात गेलं की यकृत ते मोडतं आणि मोडलेल्या तुकड्याला साखरेचा एक रेणू बांधतं, म्हणजे तो पाण्यात विरघळून मूत्रावाटे निघून जावा. आम्ही एक विकर घालून ती पुडी सोडतो, आतला तुकडा बाहेर काढतो, मग एका बारीक नळीतून सगळं पाठवून एकेक पदार्थ सुटा करतो आणि मामी त्यांचं वजन करते; जो पदार्थ सापडेल त्याचं पडद्यावरच्या सपाट रेघेत शिखर उभं राहतं. कुणी तांब्याभर पाणी पिऊन आला असेल तर मूत्र पातळ होतं आणि आकडा खोटा पडतो. म्हणून स्नायूंतून सतत निघणारं क्रिएटिनिन मोजून तो हिशेब सरळ करायचा. हे झालं जुनं शास्त्र.

नवं आहे ते गोंदणाचं. काही वर्षांपूर्वी कायदा आला, की औषधाच्या प्रत्येक घाण्यात, म्हणजे बॅचमध्ये, कारखान्याने खूण घालायची. रेणूतले ठरावीक जागचे हायड्रोजन काढून तिथे जड हायड्रोजन बसवायचे. कुठल्या जागी किती, यावरून घाणा ओळखता येतो. हे रेणूच्या अंगावरचं गोंदण म्हणा ना. शरीराने औषध मोडलं तरी गोंदलेला तुकडा शाबूत राहतो आणि मूत्रात उतरतो. कुठला घाणा कुठल्या बागेला विकला याची नोंद सरकारकडे असते. त्यामुळे बाटलीभर मूत्रावरून मी सांगू शकते, की हा माणूस कुणाच्या बागेत राबला. कामगार आजारी पडला तर मालकाला हात वर करता येत नाहीत. चांगला कायदा आहे.

एकच गोष्ट मूत्र सांगत नाही. औषध कातडीतून आत गेलं, श्वासातून गेलं की पोटातून, ती वाट त्यात दिसत नाही. नव्या पोरींना पहिल्याच दिवशी हे मी शिकवते. घोकून घेते.

त्या सोमवारी निनादच्या कोऱ्या नमुन्यात जे शिखर आलं, त्याचं गोंदण मी नोंदीशी लावून बघितलं. उत्तर आलं : सुर्वे बाग, गणेशगुळे.

मी नोंद पुन्हा उघडून बघितली. कारण सुर्वे बाग म्हणजे रेवती सुर्वे.

आता रेवती कोण, तर माझ्याआधी निनाद जिला बघायला गेला होता ती. त्याला पसंत होती. तिने नकार दिला, कारण तिला नेदरलँड्सला शेतीशास्त्र शिकायला जायचं होतं. मग ते स्थळ बारगळलं आणि माझं आलं. मला कुणी फसवलेलं नाही, सासूबाईंनीच पहिल्या हळदीकुंकवाला कौतुकाने सांगितलं होतं, "निनादने हिच्याआधी एकच मुलगी बघितली हो, सुर्व्यांची. काय रूप होतं!" तेव्हापासून ते रूप माझ्या घशात अडकलंय. तिकडे होती तोवर ठीक होतं. पण वडील गेले आणि बाई परत आली, बाग चालवायला. बाजारात दिसायची. निनाद तिला लांबून हात करायचा आणि मी तिथल्या तिथे भाजीवाल्याशी भांडण काढायची.

शबाना मुकादम माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, माझ्याइतकीच जुनी आहे. तिने मान वर केली. "काय गं, चेहरा का असा?"

"काही नाही. कोरा नमुना खराब झाला. बाटली नीट धुतली नव्हती बहुतेक."

"मग निनादभाऊंकडून दुसरा आण. तोवर जुनं थोडं गोठवलेलं आहे, त्यावर भागवू."

आणला ना! त्या दिवसापासून रोज आणला. घरी सांगितलं, नवं यंत्र लावतोय, रोज लागेल. निनाद म्हणाला, "रोज?" आणि बाटली घेऊन आत गेला. मी दाराशी उभी. बायका नवऱ्याचे खिसे तपासतात, शर्टाचा वास घेतात, फोन उघडतात. माझ्याकडे मामी होती.

मंगळवारी शिखर अगदी बुटकं. बुधवारी गायब. गुरुवार, शुक्रवार, शनिवार कोरे करकरीत. आणि रविवारी सकाळच्या पहिल्या मूत्रात, बघा, ताडकन उभं!

हे औषध शरीरात फार टिकत नाही, दोन-तीन दिवसांत धुऊन निघतं. म्हणजे जे काही घडत होतं ते शनिवारी घडत होतं. शनिवारी निनादची शाळा सकाळची असते. दुपारी सुटते आणि तो घरी येतो संध्याकाळी. "पेपर तपासत बसतो गं, शाळेत शांत असतं." मी कधी विचारलं नव्हतं कुठले पेपर.

पुढच्या शनिवारी तो घरी आला तेव्हा मी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. आमच्याकडे शनिवारचा उपास असतो, सासूबाईंनी घातलेला पायंडा, त्या गेल्या तरी आम्ही दोघं पाळतो. ताटात वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि शेवटी आंबापोळी, कारण ती निनादला जीव की प्राण. मी डब्यातून काढून त्याच्या ताटात वाढली, माझ्यासाठीही दोन तुकडे तोडले.

"आज उशीर झाला," मी म्हटलं.

"सहामाहीचे पेपर."

"मार्चमध्ये सहामाही?"

"अगं, म्हणजे... सराव परीक्षा." कान लाल झाले होते त्याचे. गणिताच्या माणसाला खोटं बोलताना आकडे जुळवता येत नाहीत, ही एक मौज. तो आंबापोळी चघळत खिडकीबाहेर बघत होता आणि असा काही मंद हसत होता, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या ताटासमोर बसून हा तिच्यासाठी हसतो!

आणि आता खरी गोष्ट सांगते. त्या शिखराचं गोंदण यंदाच्या घाण्याचं नव्हतं. गेल्या वर्षीच्या घाण्याचं होतं. त्या औषधावर पावसाळ्यात बंदी आली, सगळ्या बागायतदारांनी उरलेला साठा परत करायचा होता. म्हणजे रेवतीबाईंनी साठा लपवून ठेवला आणि आंबा उतरायच्या तोंडावर चोरून फवारला. माझ्यासारख्या बाईने इथे थांबून विचार करायला हवा होता की नाही? पण माझ्या डोक्यात विचाराला जागाच नव्हती. मला आनंद झाला. आनंदच म्हणते मी. कारण बंदीचं औषध वापरल्याचं सिद्ध झालं की त्या बागेचं निर्यातीचं प्रमाणपत्र हंगामापुरतं रद्द होतं. एक अख्खा हंगाम आंबा बाहेर गेला नाही तर रेवती सुर्वेला बाग विकून पुन्हा नेदरलँड्सचं विमान धरावं लागलं असतं. आणि ते माझ्या एका सहीवर होतं.

नियमाप्रमाणे आधी बागेत जाऊन नमुने घ्यायचे होते. गेले मी. गणेशगुळ्याच्या कातळसड्यावर बाग, झाडं कैऱ्यांनी लगडलेली, खाली समुद्र. रेवती सामोरी आली. केस आखूड कापलेले, पँट चिखलाने माखलेली, कपाळावर घाम. आणि तरी चांगली दिसत होती, हेच तर!

"या ना वहिनी. कोकम सरबत घ्या, घरचं आहे."

"कामावर असताना मी कुणाकडे काही घेत नाही."

"बरं." ती हसली. "तुम्ही किती मनापासून करता हे सगळं. निनाद सांगत असतो."

सांगत असतो! एकदा सांगितलं नाही, सांगत असतो. माझ्या हातातली बाटल्यांची पेटी खाली आपटली असती. मी तिच्या चार फवारणीवाल्यांकडून बाटल्या भरून घेतल्या. मग एक तिच्यापुढे केली. "तुमचीही."

"माझी? हो, द्या ना." न कुरकुरता गेली आणि भरून आली. बाटली कोमट होती. ती धरताना मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

मामीने पाचही नमुने वाचले. सगळ्यांत यंदाच्या घाण्याचं गोंदण, प्रमाण मर्यादेच्या आत. जुन्या घाण्याचा मागमूस नाही. कुणातच नाही.

शबानाने पडद्याकडे बघून ओठ मुडपले. "बाग तर चोख दिसतेय. तुझा तो निनावी नमुना कुणाचा आहे, ज्यात जुना माल सापडला?"

"बागेत नेहमी जाणाऱ्या एका माणसाचा."

"फवारणाऱ्यांच्या अंगात नाही, मालकिणीच्या अंगात नाही आणि नुसत्या जाणाऱ्याच्या अंगात आहे? शाल्मली, नव्या पोरीने असं आणलं असतं तर तू तिला फाडून खाल्लं असतंस."

"मी येणार हे आधी कळवावं लागतं. चार दिवस हात आवरला असेल त्यांनी."

"असेल," शबाना म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. तिचं ते 'असेल' मला कळलं होतं. मी कानाआड केलं. शुक्रवारी अहवाल पाठवला. 'बागेशी नित्य संबंध असलेल्या व्यक्तीच्या मूत्रात प्रतिबंधित घाण्याचे अवशेष.' मंगळवारी प्रमाणपत्र समितीपुढे सुनावणी लागली.

शनिवारी निनाद यायच्या आधीच मी ताट वाढून घेतलं. थांबायचं कशाला? तो तिकडे कुणाबरोबर काय खातोय कुणाला ठाऊक! रागारागात एकटीने जेवले, आणि डब्यातली उरलेली अख्खी आंबापोळी चघळून संपवली, त्याला तुकडा ठेवला नाही. तेवढाच सूड.

तो आला, चपला काढल्या, आणि मी सरळच विचारलं. "रेवतीकडे कधीपासून जातोस?"

तो उभा होता तो खुर्चीवर बसला. "कोण म्हणालं?"

"मामी."

"कुणाची मामी?"

"यंत्र, निनाद! दर रविवारी सकाळी तुझ्या बाटलीत तिच्या बागेचं औषध निघतं. तिच्याच बागेचं. नाव-गाव-पत्त्यासकट. मशीन खोटं बोलत नाही."

निनादचा आकड्यांवर फार विश्वास. दुसरा कुणी असता तर आकांडतांडव केलं असतं, काहीबाही थापा मारल्या असत्या. हा सरळ म्हणाला, "हो. दिवाळीनंतर सुरू झालं. शनिवारी शाळा सुटली की भेटतो आम्ही. भाट्याला, नव्या बंधाऱ्यावर. बसतो, बोलतो. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही म्हणजे काय?"

"म्हणजे... एकदा हात धरला होता मी तिचा. तिने सोडवून घेतला नाही."

मला वाटलं होतं मी ओरडेन. इतके दिवस मी हेच तर शोधत होते, आणि सापडल्यावर असं वाटलं, की कुणीतरी येऊन म्हणावं, नाही हो बाई, तुमचा गैरसमज झालाय.

"पण बागेत मी कधीच गेलो नाही, शालू. शपथ. एकदाही नाही."

"मग औषध काय समुद्रावरून उडत आलं?"

"ते मला नाही ठाऊक. तुझी मामी सांगेल."

"काय बोलता एवढं? काय असतं तिच्याकडे बोलायला?"

"काही विशेष नसतं," तो म्हणाला. "ती विचारते, आज काय झालं शाळेत. मी सांगतो. कुठला पोरगा कसा चुकला, कुणी काय उत्तर दिलं. तू बाटली पुढे करतेस, शालू. माझ्यातून काय निघतं ते तुला थेंबाथेंबाने माहीत आहे. आत काय आहे ते तू शेवटचं कधी विचारलंस?"

यावर मी काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. तिच्या आखूड केसांपासून त्याच्या आईपर्यंत मी कुणाला सोडलं नाही. रविवारी घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

सोमवारी केंद्रात गेले तर शबाना रिकामी बाटली घेऊन उभीच. "शून्य संपलं. गोठवलेलंही संपलं. निनादभाऊंचा नमुना?"

"निनाद नाही देणार यापुढे."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. बाटली माझ्याच हातात ठेवली. "मग तू दे. घर एकच, ताट एकच."

मी दिला. पुडी सोडली, नळीतून पाठवलं, मामीत लावलं. शबाना जेवायला गेली. पडद्यावर रेघ सपाट सरकत आली, सरकत आली, आणि शिखर उभं राहिलं. निनादच्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच. गोंदण गेल्या वर्षीच्या घाण्याचं. सुर्वे बाग, गणेशगुळे.

पहिल्यांदा मला खरंच वाटलं, की मामी बिघडली. मग कळलं, की बिघडलेली मी होते. घर एकच, ताट एकच. शनिवारचा उपास. निनादला दोन तुकडे, मला दोन तुकडे, आणि परवा रागाच्या भरात अख्खी पोळी. आंबापोळी आटवून-वाळवून केलेली असते, गेल्या मे महिन्यातल्या आंब्यांची. म्हणून गेल्या वर्षीचं गोंदण! तेव्हा ते औषध वापरायला मुभा होती. आता कायदा मोडणारं कुणी नव्हतंच.

स्कूटर काढून घरी गेले. डबा रिकामा होता, पण पाकीट कचऱ्यात होतं, त्याच्या तळाला चिकटलेले कपटे मिळाले. बाजारातल्या एका बचतगटाच्या दुकानातलं पाकीट, वर हिरव्या अक्षरात 'विषमुक्त'. दुकानात फोन केला. तिथली बाई मोकळेपणाने म्हणाली, "पडीचे आंबे घेतो आम्ही, दहा बागांतले. सुर्व्यांचेही असतात. रेवतीताई फार चांगले देतात हो, निवडून." कपटे मामीला दिले. तेच गोंदण.

दर शनिवारी माझ्या नवऱ्याच्या पोटात रेवतीची बाग मीच घालत होते. स्वतःच्या हाताने, ताटात वाढून. आणि मूत्र वाट सांगत नाही, हे दुसऱ्यांना घोकायला लावणारी मी, स्वतःच्या घरातला दुसरा नमुना तपासायला विसरले. विसरले कसली! मला तो नकोच होता. मला शिखर हवं होतं.

हातात माझीच बाटली होती, अर्धी शिल्लक. समोर सिंक. शबाना अजून आली नव्हती. ओतली की संपलं. उद्या सुनावणी, माझा अहवाल, तिची बाग. आणि गंमत बघा, अहवाल खोटा असला तरी बाई निर्दोष होती का? मामी चुकली नव्हती, मी तिचं चुकीचं वाचलं होतं, आणि त्या चुकीच्या वाचनातून निघालेली गोष्ट मात्र खरी होती. निनादने तिचा हात धरला होता. तिने सोडवून घेतला नव्हता. ओत, शाल्मली. कोण विचारतंय?

मी बराच वेळ नळ सोडून उभी होते. मग नळ बंद केला. रेवतीची दया आली असं कुणी समजू नये. दया नव्हती. पण उद्या याच यंत्रावर कुठल्यातरी फवारणीवाल्याचं यकृत किती खराब झालं ते ठरणार, त्याच्या पोरांचं पोट ठरणार, आणि त्या आकड्याखाली माझीच सही असणार. एकदा शून्याला हात लावला की पुढचा कुठलाच आकडा खरा राहत नाही. मला तिला बुडवायचंच होतं, पण तिच्या खऱ्या गुन्ह्यासाठी. आणि त्या गुन्ह्याला कुठल्याच कायद्यात कलम नाही.

मंगळवारी समितीपुढे उभी राहिले. रेवती पलीकडच्या बाकावर, चेहरा उतरलेला, हातात बागेच्या नोंदी. मी म्हटलं, "अहवाल मागे घेते. अवशेष अन्नातून आले होते. बागेचा संबंध नाही."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "पण तुम्ही लिहिलंय, बागेशी नित्य संबंध असलेली व्यक्ती. ती कोण?"

"माझा नवरा," मी म्हटलं. "आणि दुसरा नमुना माझा आहे. दोन्हीत एकच गोंदण. घरी आंबापोळी खाल्ली होती."

खोलीत कुणीतरी खोकलं. रेवतीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि ती मला मिळायलाच हवी होती. तिचं प्रमाणपत्र शाबूत राहिलं.

बाहेर ती माझ्या मागे आली. "वहिनी..."

"वहिनी म्हणू नकोस मला."

"तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी?" मी वळले. "तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला. आंबे पाठव, चांगले आहेत तुझे आंबे, मी तपासलेत. आणि शनिवारी बंधाऱ्यावर जायचं की नाही ते तुझं तू ठरव. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगली दिसत होती तेव्हाही. अजूनही माझ्या पोटात दुखतं ते आठवलं की.

घरी निनाद आधीच आला होता. मी पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मामीचं मी चुकीचं वाचलं. औषध आंबापोळीतून येत होतं. माझ्या अंगातही निघालं. तू तिच्या बागेत कधीच गेला नव्हतास."

त्याला समजायला वेळ लागला. पायरी-पायरीने गणित सोडवावं तसं त्याने ते सोडवलं आणि उत्तरापाशी येऊन थबकला. "म्हणजे... मी कबूल केलं नसतं, तर तुला कळलंच नसतं?"

"नसतं कळलं."

"कधीच?"

"कधीच."

तो हसेल असं वाटलं, रडेल असं वाटलं. दोन्ही केलं नाही. मोरीच्या कट्ट्यावर मी रोज सकाळी पुढे करायची ती रिकामी बाटली होती, तिच्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "आणि अहवाल? तो मागे घेतलास? तिच्यासाठी?"

"शून्यासाठी," मी म्हटलं.

"पण शून्य आता आहे कुठे? माझ्यातही निघालं, तुझ्यातही."

ते खरंच होतं. दोघांपैकी कुणीच कोरं राहिलं नव्हतं. शबाना नवा माणूस शोधतेय, अजून मिळालेला नाही.

मी ती बाटली उचलली आणि कचऱ्यात टाकली. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. एक प्रश्न होता, पण तो तिचा होता, आणि तिचा प्रश्न माझ्या तोंडाने विचारताना माझी जीभ कडू झाली. तरी विचारला.

"आज काय झालं शाळेत?"

मी थांबले.

"आठवीचा एक पोरगा आहे," शेवटी तो म्हणाला, "तो म्हणतो, शून्याने भागता का येत नाही ते मला पटवून द्या."

"मग? काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही. उद्या सांगतो म्हटलं."

मी उठून चहा टाकला, दोघांचा.